मधली सीट

(कोजागिरीच्या रात्री आपल्या गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून देत आहे.)



रौप्यमहोत्सवी वर्ष आहे, तेव्हा प्रत्येकाने काहीतरी सादर करायचंच असं मीटिंगमध्ये ठरलं. मला गाता येत नाही, नाच तर नाहीच नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, "काकू, तुम्ही अमेरिकेच्या प्रवासाचं सांगा." सांगते. पण नायगारा आणि मॉलचे फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेले आहेत, ते सोडून देते. मी विमानातल्या खुर्चीबद्दल बोलणार आहे. या डिसेंबरात आपल्या सोसायटीतली निदान चार घरं मुलांकडे जाणार आहेत असं ऐकलं, म्हणून मुद्दाम.

2018 सालची गोष्ट. मुलीला आठवा महिना लागला होता आणि मी शिकागोला निघाले, एकटीच. हे येऊ शकत नव्हते, कारण हे तेव्हा कमिटीवर होते आणि इथेच, या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू होतं. (ते अजून गळतं, पण तो आजचा विषय नाही.) दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलो, आपल्या बाथरूमच्या वजनकाट्यावर चार वेळा तोलून झालेल्या. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काउंटरवरच काढून ठेवाव्या लागल्या. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात चालत नाही. तुम्हीही नेऊ नका, निदान अख्ख्या वाट्या तरी नाही.

मुंबईहून आखातातल्या एका शहरापर्यंत साडेतीन तास, तिथे विमान बदलायचं आणि मग सलग चौदा-पंधरा तास शिकागोपर्यंत. मुलीने मला आइलची सीट घेऊन दिली होती, म्हणजे मधल्या रस्त्याला लागून. "आई, उठायला बरं पडेल." दुसऱ्या विमानात मी जाऊन बसले, पट्टा लावला, एवढ्यात एक तरुण जोडपं आलं. त्यातल्या मुलीची सीट दुसऱ्या रांगेत, चार जणांच्या ओळीत मधली होती. "आँटी, आम्हाला एकत्र बसायचंय, प्लीज, अ‍ॅडजस्ट कराल का?" आता तुम्हीच सांगा, आँटी म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मी तर इकतीस वर्षं डोंबिवली-व्हीटी लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धी टेकून नोकरीला गेलेली बाई. मला अख्खी सीट मिळतेय, मग मधली असली म्हणून काय झालं? उठले आणि गेले.

ती अख्खी सीट म्हणजे 17-18 इंच रुंद. आपल्या सीटपासून पुढच्या सीटपर्यंत 31-32 इंच, आणि पुढच्या माणसाने पाठ मागे केली की त्यातलेही कमी होतात. उजवीकडे लॅपटॉप उघडून बसलेला एक मुलगा. डावीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला, चांगले धिप्पाड गृहस्थ. त्यांनी विमान वर जाता जाता एक गोळी घेतली, डोळ्यांवर पट्टी बांधली, ब्लँकेट डोक्यावरून घेतलं आणि जे झोपले ते झोपले. माझा बाहेर जायचा रस्ता त्यांच्या गुडघ्यांवरून.

आणखी एक गोष्ट. माझी उंची चार फूट अकरा इंच. विमानाच्या सीटवर पाठ टेकून बसले की माझे पाय जमिनीला लागत नाहीत, लोंबकळतात. सीटची कड गुडघ्यामागे रुतते. पुढे सरकून बसावं तर पाठ सुटते. पायाखाली घ्यायला पर्स होती, पण ती टेकऑफच्या आधीच वर ठेवायला लावली होती, आणि ती काढायची म्हणजे पुन्हा त्या गृहस्थांना उठवणं आलं.

मी शाकाहारी जेवण सांगितलेलं, त्यामुळे माझा ट्रे सगळ्यांच्या आधी आला. आधी आला याचा आनंद दहा मिनिटं. मग बाकीच्या चारशे लोकांचं जेवण होऊन ट्रे उचलेपर्यंत तो मांडीवरच. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की पाणी प्यायचं नाही.

हे पुरुषांना कळणार नाही, पण इथे बसलेल्या प्रत्येक बाईला कळेल. आई सांगायची, "प्रवासाला निघताना पाणी बेताचं प्यावं." एसटीने कोकणात जायचं तर आदल्या रात्रीपासून आम्ही बायका पाणी तोडायचो. नोकरीत असताना घरून निघाल्यापासून ऑफिसात पोचेपर्यंत घोटभरही नाही. ही सवय इतकी अंगात मुरलेली की तहान लागली तरी मन म्हणतं, थांब. आणि कोणा परक्या पुरुषाला हात लावून उठवायचं, तेही कशासाठी, तर बाथरूमला जायचंय म्हणून? ते माझ्याच्याने झालं नाही. एअर होस्टेस पाण्याचे पेले घेऊन दर तास-दोन तासांनी यायची. मी हसून "नो, थँक यू" म्हणायची. माझ्या इंग्रजीचं तेवढंच काय ते काम झालं त्या रात्री.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. छोटंसं विमान मुंगीसारखं सरकत होतं. मी ते बघत बसले. युरोप गेला, समुद्र आला, ग्रीनलंड आलं. एकदा वाटलं, आता गृहस्थ हलले, आता उठतील. त्यांनी फक्त कूस बदलली. उतरताना मी सँडल घालायला गेले तर पाऊल आत जाईना. शेवटी पट्टा न लावता तशीच खुरडत बाहेर आले. इमिग्रेशनवाल्या साहेबाने विचारलं, किती दिवस राहणार, मी सांगितलं, शिक्का बसला. बाहेर मुलगी पोटावर हात ठेवून उभी होती. पुढचं काही आठवत नाही.

उजव्या पायाची सूज दुसऱ्या दिवशी उतरली. डाव्या पायाची मात्र नाही. तिसऱ्या दिवशी पोटरी दुखायला लागली, गोळा आल्यासारखी. मी काय केलं? आपण सगळ्या जे करतो तेच. तीळतेल गरम केलं आणि दरवाजा लावून पोटरी रगडून काढली. मुलीला सांगितलं नाही. तिचे दिवस भरत आलेले, तिला कशाला त्रास. दोन दिवस मी हसतमुखाने पोळ्या लाटत उभी होते.

जावयांच्या लक्षात आलं. "आई, तुमचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड दिसतोय." मी म्हटलं, वयाने होतं. ते ऐकेनात. रात्री नऊ वाजता आम्ही इमर्जन्सीत. पायाची सोनोग्राफी झाली आणि डॉक्टर म्हणाले, पोटरीच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी आहे. याला ते डीव्हीटी म्हणतात. पायात आहे तोवर ठीक, पण तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेला तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. आणि मी ती दोन दिवस रगडत होते.

डॉक्टरांनी विचारलं, विमानात किती वेळा उठलात? मी म्हटलं, एकदाही नाही. त्यांनी मुलीला सांगितलं, त्यांना प्रश्न नीट कळला नसेल, पुन्हा विचारा. मुलीने मराठीत विचारलं. मी मान खाली घालून तेच उत्तर दिलं. मुलगी काही बोलली नाही. गाडीत बसल्यावर एकच वाक्य म्हणाली, "मी तुला माझ्यासाठी बोलावलं होतं ना गं."

अजूनही ते वाक्य आठवलं की घशाशी येतं.

पुढचे तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. विळी-सुरी जपून, दात घासतानासुद्धा जपून. नातू झाला तेव्हा सुईण व्हायला गेलेल्या आजीला बाळाची आईच वेळेवर गोळी आणून द्यायची. हॉस्पिटलचा खर्च विम्यातून निघाला, ह्यांनी इथून जाताना पॉलिसी काढली होती म्हणून. नाहीतर तिथलं बिल बघून दुसरी गुठळी झाली असती.

जावयांनी मग मला वाचून दाखवलं. लांबच्या प्रवासातल्या या दुखण्याला लोक "इकॉनॉमी क्लास सिंड्रोम" म्हणतात, पण नाव फसवं आहे. बिझनेस क्लासमध्येही होतं, रेल्वेत, बसमध्ये, मोटारीतही होतं. कारण एकच, तासन्‌तास पाय न हलवता बसणं. 1940 साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र निवाऱ्यात आरामखुर्च्यांवर झोपायचे. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली दाबायची, आणि सकाळी उठून चार पावलं टाकतात तोच काही जण कोसळायचे. कीथ सिम्पसन नावाच्या डॉक्टरांनी तेव्हाच हे लॅन्सेट या नियतकालिकात लिहिलं होतं. विमानाचा तिथे संबंधच नाही! जागतिक आरोग्य संघटनेनेही 2007 साली अहवाल दिला. चार तासांहून जास्त प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, धडधाकट माणसांत तो सहा हजारांत एखाद्याला. पण ज्यांचा धोका जास्त त्या यादीत, लठ्ठ आणि फार उंच माणसांबरोबर, 160 सेंटिमीटरहून बुटकी माणसंही आहेत. म्हणजे सव्वापाच फुटांच्या आतली. इथे बसलेल्या किती जणी त्यात येतात ते बघा. ते वाचल्यावर मला सीटची ती कड आठवली.

डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं सांगते. पाणी प्यायचं, थोडं थोडं, सारखं. विमानातली हवा फार कोरडी असते आणि आतला दाब म्हणजे आपण सहा ते आठ हजार फुटांवर बसल्यासारखं; आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांवर आहे. दर दोन तासांनी उठायचं. बसल्या बसल्या पावलं वर-खाली करायची, शिलाई मशीन चालवल्यासारखी. पायाखाली काहीतरी घ्यायचं, पण आपल्या पाय हलवायच्या जागेत बॅगा कोंबायच्या नाहीत. ज्यांचं नुकतं ऑपरेशन झालंय, ज्यांना आधी गुठळी झालीय, कॅन्सरचे उपचार किंवा हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तिकिटाआधी डॉक्टरांना विचारायचं. शेजारीण सांगते म्हणून अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही. आणि उतरल्यावर, अगदी दोन-तीन आठवड्यांनीही, एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला, किंवा दम लागून छातीत दुखलं, तर तेल नाही, शेक नाही. सरळ हॉस्पिटल.

परत येताना डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आणि मापाचे घट्ट मोजे दिले. सीट पुन्हा आइलची. आणि खरं सांगते, विमान सुटायच्या आधी पुन्हा एक जण आला, "आँटी, अ‍ॅडजस्ट?" मी म्हटलं, "सॉरी बेटा, डॉक्टरने मना किया है." त्याने खांदे उडवले आणि गेला. आकाश कोसळलं नाही.

माझ्या शेजारच्या मधल्या सीटवर एक तेलुगू आजी होत्या, सत्तरीच्या. मुलाकडून हैदराबादला निघालेल्या. पाय माझ्यासारखेच लोंबकळणारे. पाण्याचा ट्रे आला की मान हलवून "नको". पहिल्यांदा मी पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. मग मी त्यांच्याकडे वळले. त्यांना हिंदी येईना, मला तेलुगू. मी उठून उभी राहिले, मागच्या बाथरूमकडे बोट केलं आणि त्यांच्यापुढे हात धरला. त्या इतक्या लाजल्या! पण आल्या. मागच्या बाजूला, जिथे चहा-कॉफी ठेवतात तिथे, आम्ही दोघी दहा मिनिटं टाचा वर-खाली करत उभ्या होतो. एअर होस्टेस हसली, तिने न विचारता दोन पेले भरले. आजींनी एक संपवला, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

खालून इशारा झालाय, दूध आटत आलंय म्हणे. माझे मोजे कपाटात आहेत, पण ते आपल्या मापाचेच घ्यावे लागतात, तेव्हा उसने मागू नका. पायाखाली घ्यायची ती फुगवायची उशी मात्र मिळेल, डिसेंबरात जो आधी सांगेल त्याला.