दारफाळणीचा सण

ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा दहावा दिवस म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. सूर्यास्ताआधी सुरू होणारा हा उपवास सुमारे 25 तास चालतो आणि त्यात पाण्याचा घोटही घेत नाहीत. चामड्याची पादत्राणे बाजूला ठेवतात, अनेकजण पांढरी वस्त्रे नेसतात.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू, म्हणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत. घराची दारे लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाशी बोलायचे नाही आणि दिवसभर देवाची करुणा भाकायची, अशी रीत होती. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी होत.

योम किप्पूरला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, होणाऱ्या शेवटच्या प्रार्थनेचे नाव ‘नेइला’, म्हणजे दारे मिटणे. ती संपली की शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचे वाद्य, एक दीर्घ सूर घुमवते आणि उपवास सुटतो.

या सणाची शिकवण मोलाची आहे. देवाविरुद्धचा अपराध प्रार्थनेने धुतला जातो, पण माणसाला दुखावले असेल तर आधी त्याच्याच दारी जाऊन क्षमा मागावी लागते.