चमचाभर दुधाचा तपास

परवा नातवाबरोबर 'सीआयडी' मालिकेचा एक जुना भाग पाहत होते. भुताचा होता. 1998 साली सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या या मालिकेत असे भाग अधूनमधून असत. ओसाड बंगला, रात्रीचे आवाज, घाबरलेली माणसं. मग शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न येणार, दया दार फोडणार, डॉ. साळुंखे नमुने तपासणार आणि बहुतेक वेळा भुताच्या आडून कुणीतरी लबाड माणूसच निघणार. नातू म्हणाला, "बघ आजी, भुतामागे चोर असतोच!"

मला मात्र टिटवाळ्यातला आमच्या घरचा एक तपास आठवला. त्यात चोर सापडलाच नव्हता.

तारीख 21 सप्टेंबर 1995. पितृपक्षातला गुरुवार. गणपती दूध पितो, ही बातमी सकाळी दिल्लीहून निघाली आणि दिवसभरात देशभर पसरली. महागणपतीच्या गावात ती घरोघर पोचायला कितीसा वेळ लागणार? मी तेव्हा कल्याणला शाळेत विज्ञान शिकवत असे. संध्याकाळी घरी आले तर सासूबाई देवघरापुढे चमचा घेऊन बसलेल्या. "ये गं, तूही पाज." मी चमचा पितळी गणपतीच्या सोंडेला टेकवला आणि दूध खरोखरच कमी झालं. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

मग डोकं चालू लागलं. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या सोंडेला टेकला की दूध तिकडे ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन मूर्तीवरून खाली उतरतं. तो ओघळ चटकन दिसत नाही, इतकंच. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून तो दाखवला. मी चिमूटभर कुंकू घातलं. सोंडेवरून पोटावर, पोटावरून ताम्हणात, अशी तांबडी रेघ उतरली. "बघा, पकडलं की नाही!" मी म्हटलं.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलत होते का गं?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि त्यांचं चुकलं नव्हतं. चमच्यातलं दूध गेलं, हे त्यांनी बरोबरच पाहिलं होतं. कुठे गेलं, तेवढं पाहायचं राहिलं होतं. मी मात्र घरात चोर शिरल्यासारखा तपास केला.

जिथे चोर असतो, तिथे गय नकोच. भूत उतरवतो म्हणून लोकांना मारणाऱ्या, लुबाडणाऱ्या भोंदूंसाठी महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच तो कायदा आला. पण भोंदूला लावायचा सूर घरातल्या भाबड्या माणसाला लावला, की ते माणूस पाहायचंच थांबवतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आपणहून म्हणाल्या, "आण ते कुंकू. मला नीट बघू दे." या वेळी चमचा त्यांच्या हातात होता. तांबडी रेघ ताम्हणात पोचेपर्यंत त्या वाकून पाहत राहिल्या. मग मूर्ती स्वच्छ पुसली, नेहमीसारख्या दूर्वा वाहिल्या आणि पातेल्यातलं उरलेलं दूध चहाला ठेवलं.