एका वेळी एकच
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना 'वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये' असं सांगितलं गेलं, तेव्हा मागच्या दोन रांगा सावरून बसलेल्या मी पाहिल्या. एआय नोकऱ्या खाणार का, पोरांनी कुठली ब्रँच घ्यावी, हे सगळं जेवताना विचारा. मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि त्यांत मी एका डबीबद्दल बोलणार आहे. गोल्फच्या टी ठेवायची डबी.

टी म्हणजे चहा नव्हे. टी म्हणजे लाकडाची बोटभर खुंटी. खाली टोक, वर छोट्या बशीसारखा खळगा. ती जमिनीत रोवायची, वर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. प्रत्येक होलच्या पहिल्या फटक्यापुरतीच ती चालते. नियमाप्रमाणे चार इंचांपेक्षा लांब नको. बहुतेक जण पावणेतीन इंची, म्हणजे सत्तर मिलिमीटरची वापरतात. फटक्यासरशी ती मोडते तरी किंवा गवतात हरवते तरी, म्हणून खिशात मूठभर लागतात. बसताना मांडीला टोचतात, धुण्याच्या मशीनमध्ये सापडतात, हा आमच्या घरचा अनुभव.

गोल्फ हा आपल्या शाळेचा खेळ नाही, हे मलाही माहीत आहे. आपण खो-खो आणि लंगडीवाले. पण खेळ आपल्या देशात फार जुना आहे. कोलकात्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सगळ्यात जुना मानतात. पुढे इंग्रज छावण्यांबरोबर गोल्फ गावोगाव गेला. आपल्या बाजूची छावणी म्हणजे कामठी, १८२१ ची. माझे सासरे लष्करातून निवृत्त झाले आणि नागपुरात स्थायिक झाले. त्यांना आम्ही बाबाच म्हणतो. आठवड्यातून तीन दिवस पहाटे कामठीच्या बाजूला गोल्फ खेळायला जायचं, हा त्यांचा नेम. मे महिन्यातसुद्धा. नागपूरच्या मे महिन्यात, बरं का. आम्ही कूलरसमोरून उठत नव्हतो, तेव्हा हे नऊ होल खेळून घरी परतलेले असायचे.

चार वर्षांपूर्वी बँकेत त्यांची सही जुळेना. अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं. मग शर्टाची बटणं. मग डॉक्टरांनी नाव सांगितलं, पार्किन्सन्स. आपल्याकडे कंपवात म्हणतात. नावात कंप आहे म्हणून सगळ्यांचं लक्ष थरथरण्याकडे जातं, पण हा आजार हालचाली मंद आणि छोट्या करत जातो. बोटांची बारीक कामं बऱ्याचदा आधी जातात: सही, बटण, नाणं उचलणं. खांद्यापासूनची मोठी हालचाल पुष्कळदा त्यामानाने टिकते. बाबांचं नेमकं तसंच झालं. त्यांना चेंडू मारता येत होता, खिशातून टी काढता येत नव्हती.

हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. फक्त जाणं कमी झालं. आज ढग आहेत, आज पाठ धरली आहे. लष्करातला माणूस ढगांना घाबरतो हे मला पटेना. खरं कारण त्यांच्या कॅडीने सांगितलं. कॅडी म्हणजे गोल्फची बॅग उचलणारा, खेळाडूबरोबर मैदानभर चालणारा माणूस. हा कामठीचाच, माझ्याच वयाचा, वीस वर्षं बाबांबरोबर चालणारा. तो म्हणाला, "ताई, साहेब खिशात हात घालतात, चार निघतात, तीन खाली पडतात. मी उचलून देतो तर रागावतात. मागचे लोक थांबलेले असतात नं."

टी तोच देऊ शकला असता. तो टी द्यायला तयार होता, रोवून चेंडू ठेवायलाही तयार होता. पण बाबांनी चाळीस वर्षं स्वतःची टी स्वतः रोवली होती. इथे एक गंमत सांगते. लाकडी टी येण्याआधी हे काम कॅडीचंच असायचं. प्रत्येक होलच्या सुरुवातीला वाळूची पेटी आणि पाणी ठेवलेलं असे. वाटी दाबून आपण भाताची मूद पाडतो, तशी कॅडी ओल्या वाळूची छोटी मूद पाडायचा आणि तिच्यावर चेंडू. त्या मुदीसाठी पितळी साचेसुद्धा निघाले होते, आत स्प्रिंगचा दट्ट्या, दाबला की मूद बाहेर. त्या जागेला आजही टी बॉक्स म्हणतात, ते या पेटीवरूनच आलं असं सांगतात. मग १८९९ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनच्या जॉर्ज ग्रँट यांनी लाकडी टीचं पेटंट घेतलं. हे दंतवैद्य. हार्वर्डच्या दंतवैद्यक शाखेतून १८७० साली बाहेर पडलेले, कृष्णवर्णीय. त्यांनी त्या टी कधी विकल्या नाहीत, मित्रांना वाटून टाकल्या. १९२० च्या दशकात ज्यांनी टी बाजारात चालवून दाखवली ते न्यू जर्सीचे विल्यम लोवेल, तेही दंतवैद्य! आपल्या बॅचमधल्या दातांच्या डॉक्टरांनी हे मनावर घ्यावं. दिवसभर चिमटीत बारीक हत्यारं धरणाऱ्यांनाच असली खुंटी सुचणार. आणि चिमटीच राहिली नाही, तर तीच खुंटी अवघड होऊन बसते.

मी आधी बाजारात काय मिळतं ते पाहिलं. पट्ट्याला अडकवायच्या चामड्याच्या पिशव्या मिळतात, टी खोचायच्या क्लिपा मिळतात, प्लॅस्टिकच्या नळ्या मिळतात. सगळ्या ठेवण्यासाठी उत्तम. काढायचं काम मात्र शेवटी चिमटीवरच. लवंगांची बरणी उपडी करून एकच लवंग बाहेर काढून बघा, म्हणजे कळेल. एक तर काहीच येत नाही, नाहीतर सहा येतात. आमच्या धंद्यातही हेच दुखणं आहे. हजार विनंत्या एकदम आल्या की त्यांना रांगेत उभं करायचं आणि एका वेळी एकच आत सोडायची, यात माझी अर्धी नोकरी गेली. मधुमेहवाल्यांकडे गोड गोळ्यांची चपटी डबी असते, वर दाबलं की टिककन एकच गोळी पडते. इथे बऱ्याच खिशांत ती आत्ता असेल, हात वर करायला सांगत नाही. पण गोळीला डोकं-पाय नसतात, कशीही पडली तरी चालते. टीला डोकं आहे आणि टोक आहे.

आणि तेच कामाला आलं. टीचं डोकं साधारण बारा मिलिमीटर रुंद, दांडा पाचच्या आसपास. दोन पट्ट्यांमध्ये सहा मिलिमीटरची फट ठेवली की टी फटीत डोक्यावर लटकतात, सगळ्या एकाच दिशेने, टोक खाली. पट्ट्या जरा उतरत्या लावल्या की घसरत पुढे येतात. भरताना अमुकच बाजू वर असं बघावं लागत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने त्या बसतच नाहीत. मी दहा टींचं माप धरलं. बाबांचे नऊ होल, एक जादा. बाराने गुणा, एकशेवीस मिलिमीटर. डबी मोबाईलपेक्षा आखूड झाली, जाडीला मात्र जास्त. लाकूड पट्टीवर अडखळत होतं, तर आईची युक्ती केली. कपाटाचा खण सरकेना की ती मेणबत्ती घासते. तशी घासली.

आता तोंडाशी फाटक. आणि एक नाही, दोन. आत एक छोटा सी-सॉ आहे, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक दात. बाहेरून खटका दाबला की पुढचा दात वर जातो आणि पहिली टी निघते. त्याच क्षणी मागचा दात खाली येऊन दुसरीला अडवतो. सोडलं की उलट. दोन्ही फाटकं एकाच वेळी कधी उघडी नसतात. घड्याळात टिकटिक होते ती याच जातीच्या रचनेमुळे. परत यायला बॉलपेनची स्प्रिंग. खटका तळहाताएवढा रुंद ठेवला, कारण बाबांचा तळहात ऐकतो, बोटं ऐकत नाहीत.

थरथरीचा मात्र खास विचार करावा लागला. कीबोर्डची कळ आपण एकदा दाबतो, पण आतला धातूचा संपर्क क्षणभर अनेकदा जुळतो-तुटतो. म्हणून प्रोग्रॅममध्ये सांगून ठेवावं लागतं की एवढ्या वेळातले सगळे झटके मिळून एकच धर. त्याला डीबाउन्स म्हणतात. इथे प्रोग्रॅम नाही, म्हणून खटक्याचा प्रवासच लांब ठेवला आणि स्प्रिंग जरा कडक घेतली. हात थरथरला तर खटका हलतो, पण दात सुटत नाही. मनापासून दाबलं तरच सुटतो.

शेवटचा भाग कॅडीचा. मी कागदावर टी तळहातात पडताना काढली होती. तो चित्र बघून म्हणाला, "ताई, पूर्ण बाहेर नका येऊ देऊ. मी देतो ना, तेव्हा सोडत नाही. त्यांनी धरली की मग सोडतो." वीस वर्षं माणसाच्या हातात टी देणाऱ्याचं हे निरीक्षण होतं. तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, मधोमध चीर देऊन. आता टी त्या रबरात अर्धी बाहेर येऊन थांबते, उभीच, डोकं वर. बाबा दांड्याभोवती अख्खी मूठ घालतात आणि ओढतात. मुठीत टी, तळव्यात चेंडू, तशीच खाली नेऊन रोवतात. वाकायला जरा वेळ लागतो. मागचे लोक थांबतात. थांबू द्या.

मी त्याला सहज विचारलं, की डबी आली तर तुझं काम कमी नाही का होणार. तो हसला. "बॅग तर मीच उचलणार ना? आणि राग खाणं कमी होईल."

आत्ता आमच्याकडे तिसरी डबी चालू आहे. पहिली बाबांच्या मित्राने मागून नेली. त्यांचा संधिवात आहे, पार्किन्सन्स नाही, पण चिमटीचं दुखणं तेच. दुसरी कॅडीच्या खिशात असते, मोडलीच तर म्हणून. कामठीला जाणं आठवड्यातून दोनदा झालं आहे, तीनदा नाही. आजार थांबलेला नाही आणि डबीने तो थांबणारही नाही, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. डॉक्टर काही विचारायला लागले की ते आधी डबी काढून टेबलावर ठेवतात आणि दाबून दाखवतात.

मापं लिहिलेला कागद मी बरोबर आणला आहे. भूमितीच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगते, आकृती पेन्सिलीनेच काढली आहे आणि मापं बाणांसकट आहेत. कोणाच्या घरी सुया, गोळ्या, स्क्रू, काहीही असं एकेक काढायचं अडत असेल, तर जेवणाच्या रांगेत मला गाठा. मी सध्या बॉल मार्करमागे लागले आहे. ती रुपयाएवढी चकती असते. चेंडू उचलण्याआधी त्याची जागा दाखवायला ठेवायची, आणि तीसुद्धा खिशातूनच काढावी लागते.