‘तयार’ म्हणजे कधी तयार?

गिरगावातल्या जुन्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना आजचा विषय निम्मा आधीच ठाऊक आहे. मजल्याच्या टोकाला सामाईक शौचकूप. आपण गॅलरीतून डोकावून पाहावे, दार उघडे, आत कोणी नाही. म्हणून टमरेल भरायला खोलीत यावे, आणि परत जातो तो आतून कडी! आपण पाहिले ते काही खोटे नव्हते. पाहिले तेव्हा जागा रिकामीच होती. पण पाहणे आणि कडी लावणे यांच्यामध्ये जो अर्धा मिनिट गेला, तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातले काका पोहोचले. उदाहरण जरा अशिष्ट आहे, क्षमा असावी. पण संगणकाच्या शास्त्रात जिला ‘रेस कंडिशन’ म्हणजे शर्यतीची स्थिती म्हणतात, ती समजावायला याहून सोपे मला सापडलेले नाही.

ही शर्यत मला भेटली ती वाय-फायच्या निमित्ताने. लॅमिंग्टन रोडवरून मी एकदा अंगठ्याएवढे बिनतारी यंत्र आणले होते, संगणकाच्या यूएसबी खाचेत बसवायचे. दहांतून आठ वेळा ते ठीक चाले. उरलेल्या वेळी संगणक सुरू केल्यावर यंत्राचे नाव तर दिसे, पण जोडणी काही होत नसे. एकदा तर सारा संगणकच थिजला. दुकानदार म्हणाला, “काढा आणि परत लावा, साहेब.” गंमत अशी की तेवढ्याने काम भागे. ते का भागे, हे फार उशिरा उमगले.

अशा यंत्राकडून काम करून घेणाऱ्या आज्ञासंचाला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. मोटारीच्या ड्रायव्हरशी त्याचे साम्य एवढेच की घाई दोघांनाही नडते. यंत्र खाचेत बसले की संगणक त्याचा ओळख-क्रमांक वाचून योग्य त्या ड्रायव्हरला हाक मारतो. यंत्र या वेळी अर्धवट झोपेत असते. त्याच्या पोटात स्वतःचा एक चिमुकला प्रोसेसर असतो, पण बहुधा त्याला आपले काम काय हे ठाऊक नसते. ते सांगणारा ‘फर्मवेअर’ नावाचा मजकूर ड्रायव्हरने डिस्कवरून आणून त्याला भरवायचा, आणि ‘झालो तयार’ असा त्याचा उलट निरोप येईपर्यंत थांबायचे. शेवटी संगणकाच्या वहीत नोंद करायची की जाळ्याचे एक नवे दार उघडले आहे.

सारी गोम या नोंदीत आहे. नोंद होताक्षणी संगणकातले इतर कार्यक्रम त्या दारावर थापा मारू लागतात. ड्रायव्हरची राहिलेली कामे उरकेपर्यंत थांबण्याची रीत त्यांच्यात नाही. लालबागच्या एखाद्या खानावळीने ‘जेवण तयार आहे’ अशी पाटी आधी लावावी आणि भात अजून चुलीवरच असावा, तशी ही अवस्था. यंत्र काढून परत लावले की फर्मवेअरचा मजकूर पूर्वीच वाचलेला असल्यामुळे चटकन हाती येई आणि संगणकाची इतर धावपळही संपलेली असे. भात वेळेवर शिजे, इतकेच. पाटी चुकीच्या वेळी लागत होती ती लागतच होती.

बरे, ‘तयार’ अशी एक खूण ठेवली आणि प्रत्येकाने ती पाहूनच आत जायचे ठरवले, तर? तर आपण पुन्हा चाळीतल्या गॅलरीत येतो. खूण पाहिली, पाऊल उचलले, आणि तेवढ्यात कोणी यंत्रच उपटून काढले! पाहणे आणि वापरणे ही दोन्ही कामे एकाच कडीच्या आत व्हायला हवीत. पूर्वी संगणकाला एकच प्रोसेसर असे, तेव्हा असे प्रसंग क्वचित येत. आता साध्या मोबाइललाही चार-आठ गाभे असतात आणि दोन कामे अक्षरशः एकाच क्षणी चालतात. कडीचीही एक तऱ्हा आहे. आतल्याने कडी लावून ‘बाहेरचा पाणी आणून देईल’ म्हणून वाट पाहत बसावे आणि बाहेरच्याने ‘कडी निघाली की पाणी देतो’ म्हणून उभे राहावे, तर दोघेही जन्मभर तसेच राहतील. संगणक थिजतो त्यामागे पुष्कळदा हेच असते.

सुरुवातीपेक्षा शेवट अधिक अवघड. मुंबई सेंट्रल स्थानकात जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांचे मोफत वाय-फाय सुरू झाले. गूगलने २०२० साली त्यातून अंग काढून घेतले. अशा स्थानकावर लोकल थांबते जेमतेम. फोन जोडला जातो न जातो तोच गाडी ग्रँट रोडकडे निघते आणि जोडणी तुटते. पण पाठवायचे निरोप अजून रांगेत उभे असतात. ड्रायव्हरने अशा वेळी आधी रांगेचे दार बंद करावे, चालू काम पुरे होऊ द्यावे किंवा रद्द करावे, आणि मगच आवराआवर करावी. हा क्रम चुकला तर काय होते?

फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ईसेट’ या कंपनीच्या संशोधकांनी ‘क्रूक’ नावाचा दोष जाहीर केला. काही वाय-फाय चिपांमध्ये जोडणी तुटताच गुप्त किल्ली पुसून तिच्या जागी शून्ये भरली जात. ते योग्यच. पण रांगेत उरलेला मजकूर त्यानंतरही बाहेर पडे, आणि तोही त्या शून्यांच्या किल्लीने बंद करून! म्हणजे कुलूप लावले, पण किल्ली साऱ्या आळीला ठाऊक. जवळ बसलेल्याने मुद्दाम जोडणी तोडत राहावे आणि दर खेपेस थोडा थोडा मजकूर वाचावा, असे शक्य होते. असे दोषी संच जगात शंभर कोटींहून अधिक असावेत, असा त्या संशोधकांचा अंदाज होता. उपाय आज्ञासंचाच्या दुरुस्तीने झाला. फोनवर ‘अपडेट’ची सूचना येते आणि आपण ती उद्यावर ढकलतो, त्यात अशा दुरुस्त्या असतात.

माझे अंगठ्याएवढे यंत्रही एका दुरुस्तीनंतर मुकाट्याने चालू लागले. उत्सुकता म्हणून मी दुरुस्ती काढून पाहिली. नोंद करणारी ओळ वरून उचलून अगदी खाली, फर्मवेअरचा उलट निरोप आल्यानंतर ठेवली होती. खात्री करण्यासाठी मी ते यंत्र चाळीस वेळा घातले आणि काढले. खाच थोडी सैल झाली.