अक्षरं सहा, शब्द किती?

आज आपण एक खेळ खेळणार आहोत. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. नसेल तर मुलांची पाटी चालेल, नाहीतर अंगणातल्या मातीत बोटानं लिहा.

मराठीत ‘डाव’ उलटा वाचला की ‘वडा’ होतो आणि ‘रस’ उलटा वाचला की ‘सर’. इंग्रजीतही असा खेळ आहे. ठरावीक अक्षरं द्यायची आणि त्यांतून जमतील तेवढे शब्द शोधायचे. नियम दोनच. दिलेल्या अक्षरांबाहेरचं अक्षर घ्यायचं नाही आणि एखादं अक्षर जितक्या वेळा दिलंय त्याहून जास्त वेळा वापरायचं नाही.

सोप्यापासून सुरू करू. अक्षरं तीन: ई, ए, टी. टी-ई-ए म्हणजे चहा. ई-ए-टी म्हणजे खाणे. ए-टी-ई म्हणजे खाल्लं. अक्षरं तीच, जागा बदलली की अर्थ बदलला.

तीन अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात, पण पाच अक्षरं 120 प्रकारे. सगळे प्रकार करून बघत बसलो तर दिवस मावळेल. म्हणून तीन युक्त्या सांगते.

पहिली युक्ती, स्वर वेगळे काढा. मराठीत काना-मात्रा अक्षराला चिकटलेली असते. इंग्रजीत स्वराचं अक्षर वेगळं असतं: ए, ई, आय, ओ, यू. बहुतेक शब्दांत यातलं एक तरी लागतंच. दुसरी, आधी छोटा शब्द करा आणि मग त्यात एकेक अक्षर घाला. तिसरी, शेपटी ओळखा. ई-डी, आय-एन-जी, एस अशा शेपट्या पुष्कळ शब्दांना लागतात.

यातलं ई हे अक्षर इंग्रजीत सगळ्यात जास्त येतं. अमेरिकेत 1930 नंतरच्या मंदीत आल्फ्रेड बट्स यांचं काम गेलं होतं. त्यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली आणि त्यावरून एक खेळ तयार केला. तोच आजचा स्क्रॅबल. त्याच्या 100 सोंगट्यांत ई 12 वेळा येतो, क्यू आणि झेड मात्र एकेकदाच.

आता आपल्या कामाचा शब्द घेऊ. बँकेच्या मेसेजमध्ये येतो तो क्रेडिट. अक्षरं सहा: सी, आर, ई, डी, आय, टी. स्वर दोन, ई आणि आय. आधी छोटा शब्द करा. आय-सी-ई, आइस, म्हणजे बर्फ. पुढे आर लावा: राइस, तांदूळ. आता दुसरा घ्या. टी-आय-ई, टाय, म्हणजे बांधणे. शेवटी डी लावा: टाइड, बांधलेलं. मध्ये आर घाला, टी-आय-आर-ई-डी: टायर्ड, म्हणजे दमलेली. बांधलेली बाई दमणारच, नाही का? आणि सहाच्या सहा अक्षरं वापरली तर डी-आय-आर-ई-सी-टी, डायरेक्ट, म्हणजे थेट.

दुसरा शब्द डेबिट. डी, ई, बी, आय, टी. त्यातला आय काढून टाका. उरतं डी-ई-बी-टी. त्यातला बी म्हणायचा नाही, उच्चार ‘डेट’, आणि अर्थ कर्ज. डेबिटच्या पोटात कर्ज बसलंय, एवढं ध्यानात ठेवलंत तर तो शब्द विसरणार नाही.

आता दोन्ही शब्द एकाखाली एक लिहा. क्रेडिटमधून सी आणि आर काढा, डेबिटमधून बी काढा. दोन्हीकडे उरतात तीच चार अक्षरं: ई, डी, आय, टी. मेसेजमध्ये दोघांनाही ई-डीची शेपटी असते, क्रेडिटेड आणि डेबिटेड. शेवट सारखा दिसतो, म्हणून घाईत घोटाळा होतो. एकाचा अर्थ पैसे जमा झाले, दुसऱ्याचा पैसे गेले. म्हणून शब्दाचं तोंड बघायचं. सुरुवातीला सी-आर असेल तर जमा. डी असेल तर वजा. काही पासबुकांत नुसतं सी-आर आणि डी-आर छापतात, तिथेही हाच अर्थ.

आता तुम्ही विचाराल, याचा उपयोग काय? आपल्यातल्या पुष्कळजणींनी प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा घेतलाय. पहिल्याचे वर्षाला 436 रुपये आणि दुसऱ्याचे 20 रुपये आपल्या खात्यातून वजा होतात. मे महिन्याच्या शेवटी डेबिटेडचा मेसेज आला तर घाबरू नका, विम्याचा हप्ता गेला असेल. पण मेसेजही नाही आणि पासबुकातही नोंद नाही, तर बँकेत जाऊन विचारा. हप्ता गेला नसेल तर विमा बंद पडतो आणि वेळ आली की घरच्यांच्या हाती काही लागत नाही. आणि ज्याची आपण परवानगीच दिलेली नाही असं डेबिट दिसलं, तर त्याच दिवशी बँकेत तक्रार करा. हे विचारायला शेजारच्या पोराच्या हातात मोबाईल द्यावा लागू नये, एवढ्यासाठी हा खेळ.

गटात खेळायचा तर खर्च काही नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापा. एका बाजूला मोठी लिपी, दुसऱ्या बाजूला छोटी. छोट्या लिपीत बी आणि डी आरशातल्यासारखे दिसतात, ते निरखून बघा. हप्ते गोळा होईपर्यंत दहा मिनिटं खेळा. जिला इंग्रजी येत नाही तिला चिठ्ठ्या मांडायला बसवा. हात फिरले की अक्षरं डोळ्यांत बसतात.

आता घरचा अभ्यास. पासबुकातला शब्द बॅलन्स. अक्षरं बी, ए, एल, ए, एन, सी, ई. यातून दोन शब्द शोधा. एकाचा अर्थ स्वच्छ, पाच अक्षरी. दुसऱ्याचा अर्थ समर्थ, चार अक्षरी. पुढच्या बैठकीत उत्तरं एकमेकींना विचारा, आणि तेव्हा आपापलं पासबुकही सोबत आणा. नमस्कार.