कोणती अंगणवाडी चांगली?

(दिंद्रुड येथे तरुण मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



दिंद्रुड आणि आजूबाजूच्या गावांतल्या काही अंगणवाड्या आम्ही फिरून पाहिल्या. परत आल्यावर तुमच्यातल्याच एकीनं विचारलं, "आपा, मग सगळ्यात चांगली कोणती?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून जरा वेळ घेते.

वरवरचा फरक लगेच दिसतो. एक अंगणवाडी शाळेच्या आवारात आहे. स्वतःची इमारत, भिंतीवर चित्रं, नळाला पाणी. दुसरी मोहल्ल्याला लागून, भाड्याच्या खोलीत. तांदळाचं पोतं, वजनकाटा आणि मुलं, सगळं त्या एका खोलीत. तिसरी तांड्यावरची, समाजमंदिरात भरणारी. नियमानं तिन्हीकडं सारखंच मिळायला हवं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं मुळात ठरवून दिली होती. पत्रा असो की स्लॅब, ताटातला हिशेब तोच.

इमारत बघून नंबर लावला तर पहिलीचा पहिला नंबर. पण भाड्याच्या खोलीत मी एक गोष्ट पाहिली. बाईंनी रंगीत ठोकळे मांडले आणि एका पोराला विचारलं, "पिवळा कुठला?" पोरगं गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. कोपऱ्यात भांडी विसळणाऱ्या मदतनीस मावशी तिथूनच म्हणाल्या, "पीला कौनसा रे?" पोरानं झटकन पिवळा उचलला. त्याला रंग येत होता, शब्द येत नव्हता. मावशी नसत्या तर ते पोरगं 'मंद' ठरलं असतं. आपल्यातली किती जणं पहिलीत अशीच गप्प बसली असतील!

ही मावशी तिथं होती हा योगायोग. तो योगायोग राहायला नको, अशी तरतूद आहे. सेविका-मदतनीसांच्या भरतीच्या जाहिराती नीट वाचा. अंगणवाडीतली 50 टक्क्यांहून जास्त मुलं उर्दू, बंजारा अशी मराठीखेरीज दुसरी भाषा बोलणारी असतील, तर ती भाषा जाणणारी आणि मराठीही लिहिता-वाचता येणारी उमेदवार घ्यायची, अशी अट त्यात असते. शिक्षण बारावी, रहिवासी त्याच गावची. म्हणजे आज इथं बसलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी पात्र आहेत. आणि बघा, मोहल्ल्याची आणि तांड्याची अडचण इथं एकच निघते. अर्ज करायला दोघांनी बरोबर का जाऊ नये?

आता दुसरी गोष्ट, मला ती जास्त महत्त्वाची वाटते. आपण अंगणवाड्यांची तुलना करतो ती आत बसलेल्या मुलांवरून. बाहेर राहिलेली कुणी मोजत नाही. मोहल्ल्यात दारोदार फिरलो तेव्हा अम्मी सांगत होत्या: लांब आहे, मधे मोठा रस्ता आहे, लहान लेकरू एकटं कसं पाठवू? काहींनी तर उधारी करून पोर खाजगी केजीत घातलंय. तिथं तीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन एबीसीडी गिरवून घेतात आणि आपण खूश होतो. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घालावं. पण हक्काचं फुकट सोडून कर्ज काढायचं, हे मला पटत नाही.

अंगणवाडी लांब असेल तर जवळ मागता येते. 13 डिसेंबर 2006 ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला आहे: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान 40 मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली की तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांचा नवा 15 कलमी कार्यक्रम आला. अल्पसंख्याकांसाठी म्हणून त्यातल्या शिष्यवृत्तीबद्दल सगळे बोलतात. पण त्याचं पहिलंच कलम अंगणवाडीचं आहे: अल्पसंख्याकांची वस्ती जास्त असलेल्या गावांत आणि तालुक्यांत ठरावीक हिस्सा अंगणवाड्या द्यायच्या.

तसं पाहिलं तर हा विचार आपल्या महाराष्ट्रातलाच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 नंतर बोर्डीला आणि पुढं कोसबाडला काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. सरकारची योजना त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. मोहल्ल्यातही अंगणं आहेत.

एक विनंती मात्र आहे. मोबाईल काढून सेविकेचा व्हिडिओ करायला जाऊ नका. तिला पगार नाही, मानधन मिळतं. वजन, उंची, लसीकरणाच्या नोंदी, ॲप, शिवाय कधी निवडणुकीचं काम, सगळं तिच्याच गळ्यात. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या सेविका पन्नास दिवसांच्या वर संपावर होत्या. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा त्यांना 2022 मध्ये सुप्रीम कोर्टातून मिळवावा लागला. तिच्याशी भांडण करून आपल्या लेकराचं भलं होणार नाही. तिला सोबत घ्या. बहुतेक सेविका स्वतःच सांगतात की खोली बदलून द्या.

तर कामाचं बोलू. मोहल्ल्यात गल्लीवार यादी करायची: मुलाचं नाव, जन्मतारीख, घरात बोलली जाणारी भाषा, अंगणवाडीत जातं की नाही, जात नसेल तर का. जन्मतारखेचा कागद पाहूनच लिहा, अंदाजानं नको. चाळिसाचा आकडा तिथंच अडतो. यादी ग्रामसभेत वाचायची, ठरावात घ्यायची आणि माजलगावला बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यायची. तीन महिने त्या पोचेच्या तारखेपासून मोजायचे.

तांड्याचं पान वेगळं ठेवा. हंगामी वसतिगृहं शाळकरी मुलांसाठी असतात. सहा वर्षांखालची लेकरं आईबापाबरोबर फडावर जातात. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत हलवायची सोय आहे, पण आईला ते सांगावं लागतं. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतील. त्याच्या आधी तांड्यावरची यादी पुरी करा, आणि कोणत्या गल्लीला कोण जाणार ते आत्ताच, उठायच्या आधी, कागदावर लिहून द्या.