गाडीचा ठोका



व्याख्यानाचा विषय म्हणून आम्ही इंजिनाचा ठोका निवडला, तेव्हा काही मंडळी हसली. परंतु आपल्या कितीतरी घरांची चूल आज पिकअप गाडीवर पेटते. मूलच्या भातगिरण्यांस धान पोचवावयाचे, उन्हाळ्यात तेंदूपानाची पोती वाहावयाची आणि बँकेचा हप्ता भरावयाचा, असा हा संसार आहे.

आमच्या पुतण्याची गाडी आलापल्लीहून भामरागडकडे जाताना भर अरण्यात बंद पडली. ठोका आठ दिवस येत होता; चिरंजीवांनी रेडिओ मोठा केला होता! तेलाचा तांबडा दिवा लागला, तरी ‘गाव गाठू’ म्हणून त्यांनी गाडी हाकली. अखेर कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेर आला. हंगाम बुडाला, हप्ते थकले आणि आमच्या भावजयींच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या.

तेव्हापासून आम्ही चांगल्या कारागिरांजवळ बसून ऐकावयास शिकलो. वैद्य जसा ‘केव्हा दुखते?’ असे विचारतो, तसेच येथे ‘केव्हा वाजते?’ असे विचारावे. इंजिन थंड असता वाजून तापल्यावर थांबत असेल, तर बहुधा पिस्टन सैल झाला आहे. त्यात घाई नाही. बारीक टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने येत असेल, तर टॅपेट पाहावेत; क्रँकच्या दोन फेऱ्यांत झडप एकदाच उघडते, म्हणून ही गती निम्मी. चढावर भार पडताच कडक, धातूसारखा आवाज आला, तर डिझेलचा संशय घ्यावा. फवारलेले डिझेल पेटावयास किंचित विलंब लागतो; डिझेल भेसळीचे असले की हा विलंब वाढतो आणि साठलेले डिझेल एकदम भडकते. नोझल गळत असले तरी असा आवाज होतो. रस्त्यावरील पिंपातले स्वस्त डिझेल म्हणूनच महाग पडते.

मात्र खोल, जड ‘धप्-धप्’ आणि सोबत तेलाचा दाब कमी, ही बेअरिंग गेल्याची खूण होय. तेथे एक फर्लांगही पुढे जाऊ नये. इंजिन बंद करून काडीने तेल पाहावे आणि गाडी ओढून न्यावी.

कोणत्या सिलिंडरात दोष आहे हे ओळखण्यास जुने कारागीर चालू इंजिनावर डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करीत. ज्या नळीला ठोका मंदावे, तो सिलिंडर दोषी. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत मात्र हे कदापि करू नये. तेथे डिझेलचा दाब हजार वातावरणांहूनही अधिक असतो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते. तेथे यंत्र लावूनच एकेक सिलिंडर बंद करून पाहतात.

कोणास आपल्या गाडीविषयी विचारावयाचे असल्यास भोजनोत्तर आम्ही मंडपातच आहोत.